वाक्य पुरं होण्याआधी

डॉक्टर जहागीरदारांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, “मग काकू, करायचं ना ऑपरेशन?”

“हो, चालेल. तुम्ही म्हणाल तसं,” हेमलताबाई म्हणाल्या.

म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या पदराशी टाचलेला पेढ्याएवढा स्पीकर म्हणाला. आवाज त्यांचाच होता, जुन्या घरगुती व्हिडिओंमधून वेचून घेतलेला. ओठ मात्र हलले नव्हते. वर्षभरापूर्वी पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून ते हललेच नव्हते. डॉक्टरीणबाईंनी समाधानानं मान डोलावली, पुढच्या गुरुवारची वेळ ठरवली आणि संमतीचं ध्वनिमुद्रण बंद केलं.

शेजारी बसलेल्या शाल्मलीला आधी सुटल्यासारखं वाटलं. आईच्या मेंदूत एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. तो कधीही फुटू शकत होता, किंवा कधीच फुटणार नव्हता. ऑपरेशन केलं तर तो धोका टळणार होता. पण फुगा होता ऐकलेलं समजण्याच्या केंद्राला अगदी चिकटून. हात चुकला तर आईला माणसांचं बोलणं नुसता आवाज म्हणून ऐकू आलं असतं. असा निर्णय आईनं इतक्या चटकन घेतला, याचं शाल्मलीला कौतुकही वाटलं.

मग तिचं लक्ष आईच्या डाव्या हाताकडे गेलं. तो खुर्चीच्या कडेला असा आवळलेला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि उत्तर? डॉक्टरांच्या तोंडून ‘ऑपरेशन’ हा शब्द पुरता बाहेरही पडला नव्हता, तोवर ते आलं होतं.

नाशिकच्या त्या इस्पितळातून दोघी घरी निघाल्या. चालकाविना चालणारी टॅक्सी गंगापूर रोडच्या वळणावर हळू झाली, तेव्हा शाल्मलीनं आईला विचारलं, “आई, तुला भीती नाही ना वाटत?”

“छे गं, कसली भीती! तू जेवून घे आधी,” स्पीकर म्हणाला.

आई खिडकीबाहेर पाहत होती.

शाल्मलीचं सगळं आयुष्य संगणकाच्या भाषांमध्ये गेलं होतं. लोक विचारत, म्हणजे नेमकं काय करतेस, तेव्हा ती त्यांना दुभाष्याची गोष्ट सांगायची. संगणकाच्या चिपला खरं तर एकच भाषा कळते, तिची स्वतःची. माणसं प्रोग्राम लिहितात ते आपल्या सोयीच्या भाषेत. मग मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. त्याला म्हणतात इंटरप्रिटर. तो एक ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो, चिपकडून ती करून घेतो आणि मग पुढच्या ओळीकडे वळतो. तीच ओळ हजार वेळा आली तरी हजार वेळा नव्यानं वाचतो. इमानी, पण संथ.

त्या दुभाष्याच्या पाठीशी शाल्मली आणखी एकाला उभा करायची. तो जेआयटी कंपायलर, म्हणजे ऐन वेळी भाषांतर करून ठेवणारा. तो नुसता पाहत राहतो: कोणता भाग पुन्हापुन्हा येतोय? जो भाग रुळला, त्याचं चिपच्या भाषेत एकदाच भाषांतर करून ठेवतो. पुढच्या खेपेला वाचणं नाही, अर्थ लावणं नाही. तयार तुकडा थेट चालू होतो. वेग अनेक पटींनी वाढतो. पण त्यात एक गृहीत असतं, की या वेळीही सगळं मागच्यासारखंच आहे. म्हणून प्रत्येक तयार तुकड्यात जागोजागी पहारे बसवलेले असतात. गृहीत धरलेलं चुकतंय असं पहाऱ्याला दिसलं, की तयार तुकडा तिथंच सोडायचा आणि काम पुन्हा त्या संथ दुभाष्याकडे सोपवायचं. पहारे जागे आहेत तोवर वेगाला भ्यायचं कारण नसतं.

आईची वाचा गेली तेव्हा शाल्मली पुण्याहून नाशिकला येऊन राहिली. मेंदूतली बोलण्याची जागा शाबूत होती. तिथून जिभेपर्यंत जाणारी वाट तेवढी तुटली होती. शाल्मली ज्या छोट्या कंपनीत होती तिनं अशा रुग्णांसाठी बोलयंत्र बनवलं होतं. मेंदूवर बसवलेली नखाएवढी पट्टी बोलू पाहणाऱ्या मनाचे संकेत टिपायची, यंत्र त्यांतून शब्द ओळखायचं आणि स्पीकर ते उच्चारायचा. म्हणजे हाही दुभाषाच. आणि तसाच संथ. “पा… णी… दे” एवढं म्हणायला आईला इतका वेळ लागायचा की तोवर कुणीतरी पाणी आणून दिलेलं असायचं.

तेव्हा शाल्मलीला ती कल्पना सुचली. प्रोग्राममधले रुळलेले भाग तयार ठेवता येतात, तर माणसाच्या बोलण्यातले का नाहीत? ‘बस, चहा ठेवते’ म्हणताना मेंदूत उमटणारी लाट दर खेपेला जवळजवळ तशीच असते. यंत्रानं ती ओळखायला शिकायचं, आणि सुरुवात दिसली की पूर्ण वाक्य बोलून टाकायचं. मध्ये पहारे ठेवायचे. मन दुसरीकडे वळतंय असं वाटलं की थांबायचं, पुन्हा शब्दशब्द.

ते साधलं. आई बोलायला लागली, भरभर, पूर्वीच्याच लकबीनं. ज्या दिवशी तिनं भाजीवाल्याला “मेथी कोवळी आहे ना रे?” असं विचारलं, त्या दिवशी शाल्मली न्हाणीघरात जाऊन रडली.

मग आईच्या शाळेतल्या जुन्या सहकारी शिक्षिका भेटायला आल्या. आई त्या शाळेत गणित शिकवायची. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, असं त्या सांगत होत्या. आई उत्साहानं बोलू लागली आणि मध्येच दमली. संकेत क्षीण झाले, पहाऱ्यानं अडवलं, यंत्र संथ चालीवर आलं. “तुम्ही सगळ्या आलात, मला खू… खू…” खोलीत सगळ्या श्वास रोखून बसल्या. शेवटी एकीनं न राहवून वाक्य पुरं केलं, “खूप बरं वाटलं, हो ना?” त्या गेल्यावर आईनं भिंतीकडे तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही.

त्याच आठवड्यात शाल्मलीनं वाक्याच्या आतले पहारे काढून टाकले. दारातला एकच ठेवला. सुरुवात जुळली, की शेवट जुळणारच असं धरायचं. चाचण्यांत काहीच खटकलं नाही. आई पुन्हा कधी अडखळली नाही. कंपनीनं ती सुधारणा इतर रुग्णांनाही दिली आणि शाल्मलीचं अभिनंदन केलं.

डॉक्टरांच्या भेटीनंतर दोनच दिवसांनी दादाचा फोन आला. निनाद, तिचा मोठा भाऊ, नागपूरला असायचा. त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, “आई, बरी आहेस ना?”

“हो रे, मी ठणठणीत. तू जेवलास का?”

फोन समोरच्या टेबलावर होता. त्याला दिसत नव्हतं ते शाल्मलीला दिसत होतं. आईनं डाव्या हाताचा तळवा कपाळावर गच्च दाबून धरला होता. डोळे मिटलेले होते आणि डाव्या डोळ्याच्या कडेनं पाणी वाहत होतं. दादा मुलीच्या परीक्षेचं सांगत होता आणि स्पीकर मधूनमधून “वा”, “छान झालं” म्हणत होता. फोन ठेवल्यावर तिनं आईला गोळी दिली, दिवा मालवला, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन यंत्राची नोंद उघडली.

मेंदूचे संकेत वाक्य संपल्यावरही येत होते. “मी ठणठणीत” बोलून झाल्यावर मागून आईचं मन काहीतरी वेगळंच म्हणत होतं, आणि वाक्य झालं असं समजून यंत्र ते टाकून देत होतं. एकदा नाही, दिवसातून कितीतरी वेळा. आई बोलत होती आणि तिचंच यंत्र तिचा शब्द खाली पडू देत होतं.

तिनं इस्पितळातल्या भेटीची वेळ काढली. “हो, चालेल. तुम्ही म्हणाल तसं.” आणि त्यामागून एक अर्धवट लाट. जुना संथ दुभाषा तिच्यावर बसवला, तर त्याला एकच अक्षर सापडलं. न.

नको? की नंतर? की निनादला विचारा? त्या एका अक्षरापुढे शाल्मली कितीतरी वेळ बसून राहिली. ऑपरेशन व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. एवढं खोडून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

आधी तिनं कंपनीतल्या वरिष्ठ, रोहिणी सबनीस यांना फोन केला. सबनीसबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जलद चाल सगळ्याच रुग्णांची बंद करायला सांगितली. पण संध्याकाळपर्यंत घरोघरून निरोप येऊ लागले. एका सुनेनं कळवलं, आमचे मामंजी आता किती गोड बोलतात, आम्हाला पूर्वीचं नको. एका नवऱ्याचं म्हणणं होतं की बायको इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं ऐकून घेते आहे. निम्म्याहून जास्त घरांना ती चाल परत हवी होती. रुग्णांना काय हवं, हे कोणी लिहिलं नव्हतं.

दादा दुसऱ्याच दिवशी विमानानं आला. शाल्मलीनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई अख्खं आयुष्य ‘चालेल’च म्हणत आली. बाबांनी बदली घेतली, चालेल. तुला होस्टेलला ठेवलं, चालेल. तेव्हा तुझं यंत्र नव्हतं.

“आणि आता तू म्हणतेस, ते तिचं बोलणं नव्हतं,” दादा म्हणाला. “मग तिचं कुठलं? हळू बोलते ते खरं, हे तुला कुणी सांगितलं?”

शाल्मलीला एवढंच ठाऊक होतं की गुरुवार जवळ येत होता.

दोघं आईपुढे बसली. आईच्या खोलीत दुपारचं ऊन कॉटच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. शाल्मलीनं जे झालं ते तिला सांगितलं, काही झाकलं नाही. पहारे मीच काढले, म्हणाली. तू त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडलीस ते मला बघवलं नाही. आई एकटक तिच्याकडे पाहत होती. शाल्मलीनं जलद चाल बंद केली आणि म्हणाली, “आता तू बोल. कितीही वेळ लागू दे.”

काही झालं नाही. मग स्पीकरमधून श्वासासारखा आवाज आला.

“म… ला… वाट… लं…”

दादा पुढे झुकला.

“मी… च… बोल… ले.”

एवढं म्हणून आई थकली. तिनं डोळे मिटले. यंत्र आईच्या आधी बोलत होतं, एवढंच शाल्मलीनं धरलं होतं. पण आईलाही ते ऐकून आपण बोललो असंच वाटत होतं. शब्द बाहेर पडायचे, ओळखीचे असायचे, आणि मागून येणारं मन त्यांना मान तुकवून परत फिरायचं. कधी नाही म्हणायचं होतं, हेच तिच्या लक्षात राहत नव्हतं. दादा उठून खिडकीपाशी गेला आणि तिथंच पाठ करून उभा राहिला.

डॉक्टर जहागीरदारांनी त्यांना बुधवारी पुन्हा बोलावलं. त्या नाराज होत्या. ऑपरेशनची सगळी तयारी झाली होती. तरी त्यांनी दार लावून घेतलं, फोन बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. या वेळी त्यांनी ‘करायचं ना’ असं विचारलं नाही. शाल्मलीनं त्यांना आधीच विनंती केली होती, की रुळलेलं उत्तर येईल असा प्रश्न नको. त्यांनी एवढंच म्हटलं, “काकू, तुमच्या मनात काय आहे ते सांगा.”

खोलीत एसीचा आवाज तेवढा होता. आई टेबलाच्या कडेकडे पाहत होती. तिच्या कपाळावर घाम जमायला लागला. बराच वेळ गेला. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“फुगा… फुट… ला… तर…”

“तर काकू, वेळेवर इथं आणता आलं तरी खात्री देता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“मी… मरे… न.”

“शक्यता आहे.”

“आणि… कापता… ना… चुक… लं… तर…”

पुढचा शब्द येईना. आईचा डावा हात मांडीवर उघडा पडला होता, बोटं हलत होती. दादाला ते सहन झालं नाही.

“तर तुला आमचं बोलणं कळणार नाही, हेच ना? पण आई, ती शक्यता फार थोडी—”

शाल्मलीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो थांबला. तिच्या लक्षात आलं, दादाही वाईट हेतूनं नव्हता करत. त्या शाळेतल्या बाईनंही प्रेमानंच केलं होतं, आणि स्वतः शाल्मलीनंही. जो माणूस ओळखीचा, त्याचं वाक्य आपल्याला आधीच ठाऊक असतं. आपण ते तयार ठेवलेलं असतं.

आई दादाकडे पाहत होती. त्यानं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

“मा… झ्या… च… घरात… मी… परकी… होई… न.”

डॉक्टर काही लिहीत नव्हत्या.

“मे… ले… तर… चा…” स्पीकर घुटमळला. ‘चालेल’? पुन्हा तोच शब्द? सवयीनं आला, की आईनं स्वतः उचलून घेतला? शाल्मलीची बोटं नकळत पर्समधल्या यंत्राच्या स्क्रीनकडे गेली. तिथं संकेत दिसले असते; ही ओढ सवयीची की मनातली, त्याचा थोडा तरी अंदाज आला असता. तिनं हात मागे घेतला.

“चाले… ल,” आई म्हणाली. “हे… मी… म्हण… ते… य. ऑप… रेशन… नको.”

मग डॉक्टर जहागीरदार उठून टेबलाला वळसा घालून आल्या, आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कशा बदलायच्या ते तिला समजावू लागल्या. शाल्मलीला नव्हे, तिला.

बाहेर आल्यावर दादा पायऱ्यांवरच बसला. शाल्मली त्याच्या शेजारी टेकली. तिलाही ओरडून सांगावंसं वाटत होतं, की हे चूक आहे, आईला पुन्हा विचारू या, आणखी एकदा. आईचा खरा शब्द तिनंच शोधून काढला होता, आणि तोच तिला नको होता. दादा म्हणाला की आईला घरी एकटं सोडून चालणार नाही आता. शाल्मली म्हणाली, तेही तिला विचारू.

त्यांनी विचारलं. जलद चालीचं काय करायचं तेही विचारलं. उत्तर यायला अख्खी संध्याकाळ गेली, मध्ये दोनदा चहा झाला. जलद चाल पुरती काढू नका, असं आईचं म्हणणं पडलं. भाजीवाला, शेजारी, वरच्या मजल्यावरच्या बडबड्या वहिनी, त्यांच्यासाठी ती असू दे. त्यांच्याशी बोलताना तिला दमायचं नव्हतं. घरच्यांसाठी मात्र हळू. चाल बदलायची कळ आता तिच्या डाव्या हाताशी असेल, शाल्मलीच्या नाही.

दिवस जात राहिले. शाल्मलीनं रुग्णांसाठी नवी व्यवस्था लिहिली: पहारे परत बसवले, आणि चाल बदलण्याचा हक्क फक्त रुग्णाला दिला. काही घरांनी यंत्र परत केलं. फुगा होता तसाच राहिला. डॉक्टर दर खेपेला तेवढंच सांगत. घर मात्र बदललं. आईशी बोलायचं म्हणजे बसायला लागे. दादा फोनवर प्रश्न विचारून गप्प राहायला शिकला, आणि त्या शांततेत नागपूरच्या त्याच्या घरातल्या भांड्यांचे आवाज इकडे ऐकू यायचे.

शाल्मलीची सवय होत नव्हती ती शब्दांच्या मधल्या जागांची. आई बोलता बोलता थांबायची, शब्द शोधत. पण फुगा फुटला तरी ती अशीच थांबली असती. दोन्हींत फरक काय, हे पहिल्या काही क्षणांत कुणालाच सांगता आलं नसतं. प्रत्येक थांब्यात शाल्मलीला वाटायचं, पुढचा शब्द आपण म्हणून टाकावा, निदान आईच्या खांद्याला हात लावून पाहावा. आणि दरवेळी ती हात मांडीखाली घेऊन बसायची.

एका रविवारी सकाळी दोघी गॅलरीत बसल्या होत्या. खाली कुणीतरी स्कूटर धुत होतं. आई कुंड्यांकडे पाहत होती.

“मला…” आई म्हणाली.

आणि थांबली.

शाल्मली तिच्याकडे वळली. आईचे डोळे उघडे होते, नजर कुठेतरी लांब होती. पापणी हलली नाही. खाली पाण्याचा आवाज बंद झाला. शाल्मलीनं मनात मोजायला सुरुवात केली आणि मोजणं सोडून दिलं. दुखतंय? भीती वाटतेय? पाणी हवंय? एकेक शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला आणि तिनं एकेक गिळला. आईचा हात खुर्चीवरून खाली घसरला होता. आता उठायला हवं. आता फोन करायला हवा. तिनं खुर्चीचे हात धरले.

“भू… क… लाग… ली… य.”

शाल्मली तशीच अर्धवट उठलेली राहिली. यंत्र शिकवताना तिनं आईचे कितीतरी वर्षांचे आवाज ऐकले होते. वाढदिवस, सणवार, प्रवास, फोनवरचे निरोप. जेवलास का, अजून घे ना, पोट भरलं का. त्या सगळ्यांत हे वाक्य एकदाही नव्हतं.

“काय खाशील?” तिनं विचारलं, आणि पुन्हा खाली बसून वाट पाहू लागली.